‘पुन्हा दोन’: चित्रात न दिसणाऱ्या आकड्याचं प्रकरण

प्रकरण घरगुती आहे. दहा-अकरा वर्षांचा मुलगा शाळेतून घरी आलाय. अंगातला कोट अजून उतरवलेला नाही, मान खाली आहे. हातात चामड्याचं जुनाट दप्तर, तेही दोरीनं बांधलेलं, आणि त्यातून बर्फावर घसरायच्या स्केट्सचं पातं बाहेर आलंय. घरातलं कुत्रं पुढचे दोन्ही पाय त्याच्या छातीवर टेकवून उभं आहे. त्याला आनंद आवरत नाहीये. खुर्चीवर बसलेली आई मुलाकडे बघतेय. अंगावर घरकामाचा एप्रन, हात मांडीवर तसेच सोडलेले. थोरली बहीण टेबलापाशी उभी आहे, गळ्यात पायोनियरांचा, म्हणजे सोव्हिएत शाळकरी मुलांच्या संघटनेचा, लाल रुमाल, समोर पुस्तकं. तिच्या नजरेत दया वगैरे काही नाही. आणि धाकटा भाऊ आपल्या छोट्या सायकलीवरून हा सगळा तमाशा बघत गालात हसतोय.

फ्योदोर रेशेत्निकोव्ह यांचं हे तैलचित्र 1952 सालचं. आकार 101 बाय 93 सेंटिमीटर, म्हणजे चौकोनी म्हणावं इतपतच. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. रशियन नाव ‘अप्यात द्वोइका’, म्हणजे ‘पुन्हा दोन’. सोव्हिएत काळात शाळेत गेलेल्या कुठल्याही माणसाला हे नाव सांगा, तो हसेल किंवा कण्हेल. कारण या चित्रावर त्यानं निबंध लिहिलेला असतो.

मी शिक्षकांच्या गटांबरोबर चित्रं बघायची सत्रं घेतो. एकच चित्र पडद्यावर लावायचं आणि दीड तास त्यावरच बोलायचं, एवढीच पद्धत. हे चित्र मी बऱ्याचदा लावलंय. सगळ्यात जास्त वेळा मीच त्याच्यापुढे तोंडावर आपटलोय. म्हणून हे टिपण.

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठीत कोणी पटकन ‘पुन्हा नापास’ म्हणून टाकतं. मीही पहिल्यांदा तेच म्हणालो होतो. नापास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निकालाचा दिवस येतो, प्रगतिपुस्तक येतं, वर्ष वाया गेल्याचा सुतकी चेहरा येतो. रशियन ‘द्वोइका’ इतकी मोठी नाही. तिथे गुण एक ते पाच. पाच म्हणजे उत्तम, तीन म्हणजे काठावर, दोन म्हणजे असमाधानकारक. एक क्वचितच मिळतो. त्या आकड्याच्या आकारावरून मुलं त्याला ‘खुंटा’ म्हणतात. हे गुण रोजच्या रोज मिळतात. फळ्यापाशी बोलावलं आणि गणित सुटलं नाही, घ्या दोन. पाठ केलेली कविता अर्ध्यावर अडली, घ्या दोन. मास्तर वहीत मांडतात, मुलाच्या शाळेच्या डायरीत लिहितात, आणि त्या डायरीवर घरच्यांची सही लागते. वर्षाच्या हिशेबात दोनच राहिले तर मात्र प्रकरण उन्हाळ्यानंतरच्या फेरपरीक्षेपर्यंत किंवा त्याच इयत्तेत बसण्यापर्यंत जातं.

म्हणजे चित्रातला दिवस निकालाचा नाही. साधा हिवाळ्यातला शाळेचा दिवस आहे. मुलाचं वर्ष बुडालेलं नाही. घरावर आभाळ कोसळलेलं नाही. आणि तरी आईचा चेहरा बघा.

आणखी एक बारीक गोष्ट. आकड्यांतले हे गुण त्या काळी फार जुने नव्हते. क्रांतीनंतर 1918 साली गुण देणंच बंद केलं होतं. पुढे 1935 पासून शब्दांत शेरे आले, ‘उत्तम’, ‘वाईट’ असे. आणि एक ते पाच हे आकडे परत आले ते जानेवारी 1944 मध्ये, युद्ध चालू असतानाच. म्हणजे आठच वर्षांत ‘दोन’ हा शब्द घराघरांत इतका रुळला होता की चित्रकाराला शीर्षकात त्याच्यापुढे काही जोडायची गरज वाटली नाही.

आता मुद्द्यावर येतो. सत्रात मी विचारतो, चित्रात ‘दोन’ कुठे दिसतोय? लोक पुढे वाकून बघतात. कोणी बहिणीच्या पुस्तकांकडे बोट दाखवतं, कोणी भिंतीकडे. आकडा कुठेच नाही. दप्तर बंद आहे, दोरीची गाठ सुटलेली नाही. डायरी बाहेर आलेली नाही. मुलाचं तोंड मिटलेलं आहे. दोन मिळाले हे आपल्याला शीर्षकानं सांगितलं. पण घरच्यांना कोणी सांगितलं?

इथे मला एक ऐतिहासिक तपशील फार उपयोगी पडला. सोव्हिएत संघातल्या मोठ्या शहरांत 1943 ते 1954 या काळात मुलांच्या आणि मुलींच्या शाळा वेगळ्या होत्या. सहशिक्षण मध्येच थांबवून 1954 साली पुन्हा सुरू केलं. घर शहरी दिसतं, तेव्हा हे भावंडं एका शाळेत जात नसणार. म्हणजे बहिणीनं मधल्या सुट्टीत ऐकून धावत येऊन आईला चहाडी केली, हा आपल्याकडच्या प्रत्येक गटात हमखास निघणारा तर्क टिकत नाही. (हा तर्क मांडणारे बहुतेक वेळा स्वतः थोरले असतात, हेही नोंदवून ठेवतो.)

मग तिला कसं कळलं? जसं आईला कळलं तसंच. दारातून आत येण्याच्या पद्धतीवरून. उतरलेल्या खांद्यांवरून. एरवी हे पोर आल्या आल्या कोट फेकून कुत्र्याशी मस्ती करत असणार; कुत्र्याला तीच सवय आहे, म्हणून तर ते उड्या मारतंय. आज पोरगं हललं नाही. बस्स, एवढ्यावर घर समजलं. डायरी उघडायची गरजच पडली नाही.

शीर्षकातल्या दोन शब्दांपैकी रंगवला गेलाय तो पहिला शब्द, ‘पुन्हा’. पहिल्यांदा दोन मिळाले असते तर चित्र वेगळं झालं असतं: आई उभी असती, डायरी तिच्या हातात असती, प्रश्न विचारले जात असते. इथे कोणी काही विचारत नाही. आई रागावलेलीही नाही. रागवायला निदान आशा तरी लागते की या वेळी ऐकेल. तिचे मांडीवर सोडलेले हात हा मला या चित्रातला सगळ्यात अवघड भाग वाटतो. नुसते थकलेले हात रंगवणं सोपं असतं. हे हात काम करता करता थांबलेत. एप्रन अजून अंगावर आहे, म्हणजे उठून परत कामाला लागायचंच आहे, आणि तेवढ्यापुरती ती बसलीय. थांबली कशासाठी, तर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही यासाठी.

आता माझ्या चुकीकडे वळतो.

या चित्रात बाप नाही. ही गोष्ट कोणाच्याही पटकन लक्षात येते. आई आहे, तीन मुलं आहेत, कुत्रं आहे, बाप नाही. साल 1952, म्हणजे युद्ध संपून सातच वर्षं झालेली. त्या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं गेली. उत्तर तयारच असतं: बाप युद्धात मारला गेला. आई एकटी घर ओढतेय, थोरली मुलगी आईची अर्धी जबाबदारी घेऊन अकाली मोठी झालीय, आणि या सगळ्यात पोरगं स्केट्स घेऊन भटकतंय, म्हणून तिचं दुःख इतकं खोल. वाचन घट्ट बसतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणीही येतं. मी कितीतरी सत्रांत हे अगदी आवाज खाली आणून सांगितलंय.

एकदा एका तालुक्याच्या गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या एक बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. माझं सांगून झाल्यावर त्यांनी हात वर केला.

“सर, तो सायकलवरचा धाकटा किती वर्षांचा असेल?”

“असेल पाच-सहा वर्षांचा, बाई.”

“आणि चित्र बावन्न सालचं?”

“हो.”

“मग हा झाला सेहेचाळीस-सत्तेचाळीस सालचा. लढाई पंचेचाळीसला संपली म्हणालात ना तुम्ही?”

वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी येताना एसटीत काही सुचेना. इतकी वर्षं ते पोर माझ्यासमोर दात काढून हसत होतं आणि मी त्याचं वय मोजलं नव्हतं. पहिली ते चौथीच्या दाखल्यांवर जन्मतारखा लिहिण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या बाईंनी एका मिनिटात मोजलं.

अर्थात वय हा पक्का पुरावा होत नाही. चित्रातलं पोर सात वर्षांचं म्हटलं तर सरतं युद्ध त्याच्या जन्मापाशी येऊन टेकतं, आणि जखमी होऊन घरी आलेले, मग गेलेले बापही होतेच. पण ‘युद्धात मेलेला बाप’ हे जे वाचन मी सिद्ध झाल्यासारखं सांगत होतो, ते चित्रातल्या एका मुलानं खिळखिळं केलं होतं. सगळ्यात सरळ शक्यता अशी की दिवसाची वेळ आहे आणि बाप कामावर आहे. संध्याकाळी येईल, डायरीवर सही करायची की नाही ते ठरवेल. या शक्यतेत कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, म्हणूनच बहुधा मी ती कधी विचारात घेतली नव्हती.

तरीही बापाचा प्रश्न मला पूर्ण सोडून देता येत नाही, आणि त्याचं कारण भिंतीवर आहे. खोलीच्या भिंतीवर एक कॅलेंडर आहे, आणि त्यावर एका चित्राची छापील प्रत. ते चित्र रेशेत्निकोव्ह यांचंच, 1948 सालचं, ‘सुट्टीवर आला’ अशा अर्थाच्या नावाचं. त्यात गणवेशातला एक छोटा सुव्होरोव्ह कॅडेट, म्हणजे मुलांच्या लष्करी निवासी शाळेतला विद्यार्थी, सुट्टीसाठी घरी आलाय आणि आजोबांना कडक सॅल्यूट ठोकतोय. आजोबाही गमतीनं ताठ उभे आहेत. मागे नववर्षाचं सजवलेलं झाड. या चित्रानं त्यांना स्टालिन पारितोषिक मिळवून दिलं, त्याची पोस्टकार्डं लाखोंनी खपली, आणि म्हणून ते एखाद्या साध्या घराच्या भिंतीवर लागलेलं असणं अगदी स्वाभाविक. चित्रकाराची आत्मप्रौढी? थोडीशी असेल. पण ती तिथे काय करते ते बघा. एकाच खोलीत दोन मुलगे घरी आलेत. एक भिंतीवर, इस्त्रीच्या गणवेशात, सॅल्यूट ठोकणारा. एक जमिनीवर, दोरीनं बांधलेलं दप्तर घेतलेला. आईला हे पोर दिसतं तेव्हा भिंतीवरचं ते दुसरं पोरही तिच्या घरात रोज असतंच. शेजारच्यांच्या हुशार मुलाचं नाव उठता-बसता ऐकलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि आता त्या भिंतीवरच्या चित्रातला बाप कुठे आहे? तिथेही नाही. तिथे आजोबा आहेत. सुव्होरोव्ह शाळा 1943 साली सुरू झाल्या त्या मुळात युद्धात आईबाप गमावलेल्या मुलांसाठी, सैनिकांच्या मुलांसाठी. म्हणजे सॅल्यूट ठोकणाऱ्या त्या आदर्श मुलाच्या घरातली पोकळी जास्त खरी, आणि तिथेच सगळे हसतायत. युद्धाचं दुःख मी चुकीच्या चित्रात शोधत होतो. ते हसऱ्या चित्रात होतं, आणि रडवेल्या चित्राच्या भिंतीवर छोटं होऊन टांगलेलं होतं. हे वाचन मला आज बरं वाटतं. मागच्या बाकावरून कोणी हात वर करेपर्यंत तरी.

चित्रकाराबद्दल थोडं. जन्म 1906, युक्रेनमधल्या एका खेड्यात, मृत्यू 1988. तिशीच्या आत हा माणूस आर्क्टिकच्या मोहिमांवर गेला होता: 1932 ची सिबिर्‍याकोव्ह जहाजाची मोहीम, आणि पाठोपाठ चेल्युस्किन. चेल्युस्किन जहाज फेब्रुवारी 1934 मध्ये बर्फात चिरडून बुडालं आणि त्यावरची माणसं तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून विमानांची वाट बघत राहिली. त्यांत हे होते. पुढे स्टालिनचं लष्करी गणवेशातलं चित्रही यांनी काढलं. हे सगळं सांगायचं कारण, या चित्राला ‘निरागस बालचित्र’ म्हणून बघण्याची एक खोड आहे. काढणारा माणूस निरागस नव्हता. सत्तेला काय हवं आणि लोकांना काय आवडतं, दोन्ही त्याला नेमकं कळत होतं.

1952 सालाचंही एक वजन आहे. त्या आधीची काही वर्षं सोव्हिएत नाटकं-चित्रांत झगडाच उरला नव्हता. चांगल्याचा अधिक चांगल्याशी सामना, इतकंच. त्या एप्रिलमध्ये ‘प्राव्दा’ या पक्षाच्या मुखपत्रानं नाटकांतल्या या मिळमिळीतपणावर कोरडे ओढले, आणि ऑक्टोबरच्या पक्ष-अधिवेशनात पक्षाचे बडे नेते मालेंकोव्ह यांनी आम्हाला सोव्हिएत गोगोल आणि श्चेद्रिन (एकोणिसाव्या शतकातले दोन रशियन उपहासकार) हवेत असं जाहीर केलं. म्हणजे दोष दाखवा, पण बेतानं. दोन मिळालेला एक मुलगा हा त्या बेतात तंतोतंत बसणारा दोष. शाळा चूक नाही, मास्तर चूक नाहीत, घर नीटनेटकं आहे, बहीण आदर्श आहे. चुकलाय तो फक्त हा, आणि तोही सुधारण्याजोगा. चित्राला सरकारी आशीर्वाद का मिळाला ते यात येतं. त्यामुळे चित्र खोटं ठरतं असं मात्र मला वाटत नाही.

रेशेत्निकोव्ह यांना हे सुचलं कसं याची एक गोष्ट सांगतात: त्यांना खरं तर हुशार मुलाचं चित्र काढायचं होतं, त्यासाठी ते शाळेत जाऊन बसले, आणि फळ्यापाशी अडलेल्या एका मुलाचा चेहरा बघून बेत बदलला. खरीखोटी कोण जाणे. चित्रकारांच्या अशा गोष्टी जरा जास्तच गोल असतात. शिवाय कल्पना अगदी कोरी नव्हती. दिमित्री झुकोव्ह यांचं 1885 सालचं ‘नापास झाला’ अशा अर्थाचं चित्र आहे, परीक्षेत गचकलेला जिम्नेझियमचा (त्या काळच्या माध्यमिक शाळेचा) विद्यार्थी घरच्यांसमोर उभा असलेलं. दोन्हींची मांडणी बरीच मिळतीजुळती आहे हे रशियात अनेकांनी दाखवून दिलंय. एकोणिसाव्या शतकातल्या रशियन वास्तववादी चित्रकारांची ही जुनी हातोटी: दार उघडलेलं, कोणीतरी आत आलेलं, आणि खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा त्या एका क्षणाला वेगळं उत्तर देणारा. इल्या रेपिन यांच्या हद्दपारीतून अचानक परतलेल्या माणसाच्या चित्रात हेच आहे. तिथे राजकीय कैदी परत येतो, इथे गणितात अडकलेलं पोर.

शाळेनं या चित्राचं काय केलं, तो भाग मला सगळ्यात ओळखीचा वाटतो. आपल्याकडे मराठीच्या पेपरात चित्रवर्णन असतं: बाजाराचं चित्र, बागेचं चित्र, पाच-सहा ओळी लिहा. रशियात ‘चित्रावरून निबंध’ हा त्याचाच थोरला भाऊ, आणि ‘पुन्हा दोन’ हे त्याचं कायमचं गिऱ्हाईक. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी लिहिलं: आई दुःखी आहे. बहीण रागानं बघत आहे. धाकटा भाऊ हसत आहे. फक्त कुत्र्याला गुणांशी देणंघेणं नाही, ते आपल्या मालकावर प्रेम करतं. मुलानं आता मन लावून अभ्यास केला पाहिजे. निबंधाला बहुधा चार मिळायचे. विनोद असा की तो निबंध लिहिणाऱ्यांत स्वतः दोनवाले कितीतरी असणार, आणि त्यांनाही शेवटचं वाक्य तेच लिहावं लागायचं.

कुत्र्याबद्दलचं ते वाक्य माझ्याही सत्रांत प्रत्येक वेळी येतं, जसंच्या तसं, रशियन निबंध न वाचता. इतकं ते समोर ठेवलेलं आहे. त्यामुळे मी मुद्दाम कुत्र्यावर थांबत नाही, धाकट्याकडे नेतो. त्याचं हसू नेमकं कशाचं? बहुतेक जण म्हणतात, खोडकरपणाचं. भाऊ सापडला म्हणून मजा. पण तो अजून शाळेत जात नाही. ‘दोन’ म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, एवढंच ठाऊक आहे की दादा काहीतरी करून बसला की घर असं गप्प होतं. त्याच्या लेखी हा एक ठरलेला खेळ आहे, आणि त्याला त्यातली पुढची पायरी पाठ आहे. पुन्हा तोच शब्द, ‘पुन्हा’. आईच्या चेहऱ्यावर तो थकवा होऊन येतो आणि धाकट्याच्या चेहऱ्यावर गंमत होऊन.

बहिणीवर माझ्या गटांत फार अन्याय होतो. ‘चोंबडी’, ‘आगाऊ’ असे शब्द लगेच निघतात. तिच्याकडे जरा नीट बघा. ती आपल्या पुस्तकांपाशी उभी आहे, म्हणजे ती अभ्यासात होती किंवा बसणार होती. आईनं दुःखी व्हायचं, धाकट्यानं हसायचं, कुत्र्यानं उड्या मारायच्या. आणि या घरात चांगलं वागायचं काम मात्र तिच्याकडे आलंय. तिच्या पाचांकडे आज कोणाचं लक्ष असेल? तिच्या नजरेतला राग मला भावापेक्षा त्या वाटणीवरचा वाटतो. पण हे चित्राबाहेरून आणलेलं आहे, कबूल करतो. मला दोन बहिणी आहेत.

बघणारा कुठे उभा आहे, हा प्रश्न मी शेवटी विचारतो. आपण दाराबाहेर नाही, मुलाच्या मागून येत नाही. आपण आत आहोत, खोलीतच. मुलगा आला तेव्हा आपणही घरात होतो. आपल्याकडे कोणी बघत नाही, जणू आपण नेहमीचेच. कुटुंबातला जो एक माणूस चित्रात नाही त्याच्या जागेवर चित्रकारानं आपल्याला उभं केलंय असं म्हणायचा मोह होतो, आणि पुरुष शिक्षकांना हे वाचन विशेष आवडतं. मागे अंगावर आलेला अनुभव लक्षात ठेवून मी हे आता हळू आवाजात म्हणतो.

पुढची हकिगतही आहे. 1954 साली रेशेत्निकोव्ह यांनी ‘फेरपरीक्षा’ काढलं: उन्हाळा, गावाकडचं घर, बाहेर सवंगडी खेळतायत आणि मुलगा पुस्तकात डोकं घालून बसलाय. त्या खोलीच्या भिंतीवर टांगलेलं चित्र कोणतं, तर ‘पुन्हा दोन’. ते बघून गटात नेहमी हशा होतो, आणि मग कोणीतरी म्हणतंच: अरे, त्याचाच फोटो त्याच्यासमोर! ‘सुट्टीवर आला’ मधलं पोर आदर्श म्हणून भिंतीवर गेलं होतं, हे धडा म्हणून गेलं. दोन वर्षांत या बिचाऱ्याचं कॅलेंडर झालं.

त्या निवृत्त बाई नंतर आणखी एकदा सत्राला आल्या. या वेळी चहाच्या आधी त्यांनी दप्तराचा विषय काढला. “धाकट्याला सायकल घेतलीय म्हणजे घरात पैसा अगदीच नाही असं नाही,” त्या म्हणाल्या. “मग याला नवं दप्तर का नाही?” कोणी म्हणालं, नवं दिलं तरी हा त्याच्यावर बसून बर्फावरून घसरणार. कोणी म्हणालं, नवं दप्तर पाच मिळाल्यावर, अशी अट असेल. बाईंचं समाधान झालं नाही.

“ते जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “ती दोरी कोणी बांधलीय ते सांगा. पोरानं बांधली असती तर शाळेत पोचेपर्यंत सुटली असती.”

आम्ही सगळेच परत पडद्याकडे वळलो.